विचारा बिनधास्त : दिवसभर नुसतं बोलणारा रेडिओ

प्रश्न : ताई नमस्कार. मी रिटायर्ड माणूस, राहायला इंदिरानगर, नाशिक. मुलगा-सून इंग्लंडला असतात, उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊन आलो. तिथे किचनमध्ये दिवसभर बीबीसी रेडिओ ४ चालू असायचा, गाणी जवळपास नाहीतच, नुसतं बोलणं, आधी वैताग आला मग सवयच लागली. इथून ऐकता येईल का? कधी काय लावू? आणि मध्यरात्री समुद्राचं काहीतरी वाचायचे, कळायचं काहीच नाही तरी बंद करवत नव्हतं, ते काय होतं?

उत्तर : काका, ऐकता येतं, बीबीसीच्या वेबसाइटवर रेडिओ ४ लाइव्ह लागतो. भानगड फक्त घड्याळाची. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, थंडीत साडेपाच. मी खाली उन्हाळ्याच्या वेळा देतेय, थंडीत त्यात एक तास मिळवायचा, नाहीतर दिवाळीच्या आसपास तुम्हाला वाटेल रेडिओवाले उशिरा उठायला लागले.

तुमचं समुद्राचं ते म्हणजे शिपिंग फोरकास्ट. तिथे रात्री १२:४८, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:१८, तुम्ही तसेही उठलेले असालच. त्याआधी सेलिंग बाय नावाची एक संथ धून वाजते. ब्रिटनच्या आजूबाजूच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेत आणि क्रम ठरलेला, व्हायकिंगपासून सुरुवात मग फोर्टीज, क्रोमार्टी, डॉगर असं करत साधारण घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. आधी वादळाचे इशारे, मग एकूण हवामान, मग एकेका भागात वारा कुठून, जोर किती, पाऊस आहे का आणि समोरचं किती दिसतंय. वाक्यं अशी तोडलेली की क्रियापद औषधालासुद्धा सापडत नाही, कारण सगळं साडेतीनशेच्या आसपास शब्दांत बसवायचं असतं. मजकूर त्यांच्या हवामान खात्याचा, मेट ऑफिसचा. पूर्वी यात फिनिस्टर नावाचा भाग होता पण तेच नाव स्पेनवाले दुसऱ्याच भागाला वापरायचे म्हणून २००२ साली ते बदलून फिट्झरॉय केलं, मेट ऑफिस ज्यांनी सुरू केलं त्यांचं नाव. लोक हळहळले होते म्हणे. आपल्याकडे रस्त्याचं नाव बदललं तर जुनंच चालू राहतं, इथे बोटवाल्यांना तसं करून चालणार नव्हतं.

बाकी दिवसाचं सांगते. टुडे हा बातम्यांचा मोठा कार्यक्रम, तिथे सकाळी ६ ते ९, आपल्याकडे साडेदहा ते दीड, मंत्र्यांना धारेवर धरतात ते ऐकायला मजा येते पण तीन तास सलग ऐकू नका, डोकं उठेल. अडीचला वूमन्स अवर, १९४६ पासून चालू आहे आणि बायकांचा कार्यक्रम असून सुरुवातीचा निवेदक पुरुष होता, काय बोलावं! काकूंनाही बसवा ऐकायला. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला गार्डनर्स क्वेश्चन टाइम असतो, १९४७ सालापासूनचा, गावोगावी हॉलमध्ये जाऊन लोकांचे झाडांचे प्रश्न घेतात, तुमची गच्चीत बाग असेल तर हा सोडू नका, त्यांची झाडं वेगळी पण कुंडीत पाणी जास्त घालायची खोड तीच. रात्री साडेदहाला बिग बेनचे ठोके आणि बातम्या, मग अकराला अर्धा तास विनोदी काहीतरी, तो मात्र कधी जमतो कधी फसतो. आणि रविवारी डेझर्ट आयलंड डिस्क्स, एकट्याने बेटावर अडकलात तर आठ रेकॉर्ड कुठल्या न्याल असं पाहुण्याला विचारतात, १९४२ पासून हाच प्रश्न. पूर्ण दिवसात गाणी ऐकायची तर इथेच, तीही तुकडे तुकडे.

प्रश्न : मी निफाडचा द्राक्ष बागायतदार. तिकडच्या रेडिओवर रोज शेतीचा कार्यक्रम असतो असं भाचा म्हणतो. आमच्या काही कामाचा आहे का?

उत्तर : दादा, खरंय, फार्मिंग टुडे. तिथे पहाटे पावणेसहाला, म्हणजे आपल्याकडे सव्वादहाला, पंधरा मिनिटांच्या आतच संपतो. पण विषय मेंढ्या, दूध, तिकडच्या सरकारचं शेतीचं धोरण. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तर डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, काय मारायचं हे तिथे कुणी सांगणार नाही, त्यासाठी आपला कृषी सहाय्यकच गाठा.

तुम्हाला खरं आवडेल ते आर्चर्स, रेडिओ ४ वरची शेतकरी कुटुंबांची मालिका. १९४८ साली बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांची बैठक होती, त्यात एकजण म्हणाला की रेडिओवरचं हेरगिरीचं सिरियल लोक जसे कान लावून ऐकतात तसं शेतीचं काहीतरी करा. तेव्हा तिकडे युद्धानंतरही रेशन चालू होतं, ते १९५४ पर्यंत होतं, पिकवायचं जास्त आणि नवीन पद्धती शेतकऱ्यांपर्यंत न्यायच्या तर भाषण कोण ऐकणार, मग गोष्टीत घालून सांगायचं ठरलं. १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झालं ते आजतागायत बंद नाही. अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, तिथली शेतकरी कुटुंबं, भावाभावांतल्या वाटण्या, लग्नं, गाईचा आजार, सगळं. आता सल्ला कमी आणि भानगडी जास्त, तरी शेतीचं चुकू नये म्हणून जाणकार माणूस ठेवलेला असतो. शनिवार सोडून रोज रात्री साडेअकराला लागतं, तुम्हाला पहाटे लाइटची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला बहुतेक वेळा तोच भाग परत असतो. पहिले काही दिवस कोण कुणाचा भाऊ ते कळणार नाही, सोडू नका.

प्रश्न : आपल्या आकाशवाणीला असं का जमत नाही? (पंचवटी)

उत्तर : जमत होतं की! मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेतले टेकाडे भावोजी आणि मीना वहिनी घरच्यासारखे होते लोकांना. फरक असा की रेडिओ ४ हे अख्ख्या देशासाठी एकाच भाषेतलं केंद्र, वर जाहिराती नाहीत, पैसा टीव्ही लायसन्सच्या फीमधून येतो. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन रिन्यू करावं लागायचं, ते गेलं. आणि आकाशवाणीला २३ भाषा आणि १७९ बोलीभाषा सांभाळायच्या असतात. तरी माझं मत विचाराल तर आपल्याकडे बोलण्याचे कार्यक्रम चांगले असूनही कधी लागतात तेच लोकांना माहीत नसतं. नाशिक केंद्र एफएम १०१.४ वर आहे, आधी तेवढं आठवडाभर लावून बघा आणि काय आवडलं ते मला कळवा.