हार्ल: वाख की गिलावा?

एच-ए-आर-एल, म्हणजे 'हार्ल', या इंग्रजी शब्दापुढे कोशात 'तंतू' आणि 'भिंतीवरचा लेप' असे दोन्ही अर्थ दिसतात. म्हणजे गिलाव्यात तंतू मिसळत असावेत आणि शब्द एकच असावा, असा तर्क कोणीही करेल. आपल्याकडे चुन्यात ताग घालतात, त्यामुळे तो सुचणे साहजिक आहे, पण इथे लागू नाही. हे शब्दच वेगळे, स्पेलिंग तेवढे एक.

तंतूवाला हार्ल म्हणजे आपला वाख. जवसाची किंवा भांगेची काडी पाण्यात कुजवायची, वाळवून कुटायची, आतला लाकडासारखा भुसा झाडायचा. हाती उरतो तो हार्ल. पिसाच्या दांडीला फुटलेल्या एकेका तंतूलाही हेच नाव, फक्त तिथे बहुधा 'हर्ल' लिहितात. गळासाठी नकली माशी बांधणारे मोरपिसाचा हर्ल वापरतात. तो ठिसूळ असतो आणि माशाच्या दातांनी तुटतो, म्हणून दोऱ्याबरोबर पीळ देऊन गुंडाळतात किंवा वरून बारीक तार उलट्या दिशेने फिरवतात.

भिंतीचा हार्ल स्कॉटलंडचा. चुना, वाळू आणि बारीक खडी एकत्र कालवून तो माल थापीने भिंतीवर जोरात फेकतात. थापून लावत नाहीत, कारण फेकीच्या जोराने माल दगडांच्या खाचाखोचांत शिरतो आणि पकड घेतो. भिंत आधी भिजवावी लागते. कोरडा दगड मालातले पाणी शोषतो आणि गिलावा भुसभुशीत होऊन झडतो. थर पातळ ठेवतात, वर ओले गोणपाट टांगतात आणि थंडीच्या दिवसांत काम काढत नाहीत, कारण चुना पुरता आवळण्याआधी पाणी गोठले की थर सुटतो.

पेबलडॅश म्हणजे हार्ल नव्हे. त्यात आधी ओला गिलावा करून वर कोरडे खडे मारतात, ते उघडे दिसतात. हार्लमध्ये खडी मालातच असते. मराठीत 'फेकीचा खडीमिश्रित गिलावा' म्हणावे. नुसते 'प्लास्टर' लिहिले तर मुद्दाच जातो.

चुन्याऐवजी सिमेंट वापरले की खरी पंचाईत होते. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते आणि तिथेच अडकते. वास्तुरचनाकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबरो इथे 1902 ते 1904 दरम्यान बांधलेल्या हिल हाउसचे हेच झाले. पोर्टलंड सिमेंटच्या हार्लमुळे घर ओलीने इतके भिजले, की ते सुकवायला 2019 मध्ये अख्ख्या वास्तूभोवती धातूच्या जाळीचा, वर छत असलेला पिंजरा उभारावा लागला.