तिसरा रकाना

प्रिय पोरी,

कोणता धर्म घ्यावा हे ठरवायला तू केलेला तक्ता मिळाला. दोन ओळी, यहुदी (म्हणजे ज्यू) आणि ख्रिस्ती. तीन रकाने: खरं असण्याची शक्यता, लाभ, चुकल्यास तोटा. आयुष्यभर संभाव्यता शिकवली, त्यामुळे आधी तुझे गुणाकारच तपासले. ते बरोबर आहेत. घोळ तिसऱ्या रकान्यात आहे.

तिथे दोन्हीकडे तू अनंताचं चिन्ह काढलंस. पास्कलच्या पैजेतून उचललंस ना? देव असलाच तर न मानण्याचा तोटा अनंत, म्हणून मानलेलं बरं, हा त्याचा युक्तिवाद. पण तुझ्यासारख्या परक्या घरातल्या मुलीने ज्यू व्हावं, अशी यहुदी परंपरेची अपेक्षाच नाही. मैमोनिडीज या यहुदी पंडिताने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय की नोहाच्या सात आज्ञा, म्हणजे सगळ्या माणसांसाठी असलेले मूळ नियम, देवाच्या म्हणून पाळणाऱ्या परक्यालाही येणाऱ्या जगात वाटा आहे. कोणी ज्यू व्हायला आलाच, तर रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आधी त्याला परतवायला बघतात. म्हणजे तो धर्म खरा असून तू बाहेर राहिलीस, तरी तोटा जवळपास शून्य. (मेख एवढीच की त्या सातांत मूर्तिपूजेला बंदी आहे, आणि ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यात मोडतं का, यावर रब्बींचंच एकमत नाही.)

आता नव्याने गणित केलंस तर ख्रिस्ती ओळ आपसूक जिंकेल. पुरावा भक्कम म्हणून नव्हे. बाहेर राहणाऱ्याला तिच्यातल्या बऱ्याच पंथांनी धाक मोठा घातला म्हणून. उद्या तिसऱ्या कोणी दुप्पट धाक घातला तर त्याच्या दारात जाशील?

तेव्हा पहिल्या रकान्यावर घाम गाळ. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना रोखठोक लिहिलंय: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास फोल. एका घटनेवर सगळं पणाला लावणारा असा धर्म मला तरी आवडतो. पण ती घटना मानली की बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, असंही नाही. पिन्खास लपीड हा सनातनी ज्यू अभ्यासक पुनरुत्थान खरं मानत होता आणि तरी येशूला ज्यूंचा मसीहा, म्हणजे वचन दिलेला तारणहार, मानत नव्हता. तुझा एकच आकडा असा दोन-तीन पायऱ्यांत फोडावा लागेल.

आणि भाषा शीक. जुन्या करारातल्या यशयाच्या सातव्या अध्यायात आपल्या मराठी बायबलात 'कुमारी' दिसेल. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. 'कुमारिका' ग्रीक भाषांतरातून आली. ख्रिस्ती लोक तिथे येशूच्या कुमारीपोटी जन्माचं भाकीत वाचतात, म्हणून एवढ्या एका शब्दावर दोन्ही बाजू शतकानुशतकं भांडल्या आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्रैक्यावरून तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींशी वाद घालणं सोडलं नाही. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं. निर्णय झाला म्हणून विचार थांबवायचा नसतो, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

फ्रान्झ रोझेनत्स्वाइग हा जर्मन ज्यू ख्रिस्ती व्हायचं ठरवून बसला होता. १९१३ च्या शरदात त्याने मित्राला कळवलं की आता त्याची गरज उरली नाही, मी ज्यूच राहतो. असं सांगतात की मध्ये बर्लिनच्या एका सिनेगॉगमधला (ज्यू प्रार्थनास्थळातला) योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, होता. याउलट एडिथ स्टाइन ज्यू घरात वाढली आणि १९२२ मध्ये कॅथलिक झाली. दोघंही तत्त्वज्ञानातली, बुद्धी कोणाची कमी होती?

पुण्यात आहेस तोवर एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, जाऊन ये, आधी विचारून. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बस. तक्ता सोबत परत पाठवतोय. तिसरा रकाना पेन्सिलीने खोडलाय, पहिला कोरा ठेवलाय.

तुझा,
सर