शाळा सुटल्यावर विज्ञान-गणिताचा क्लब घ्यायचा तर मुलांकडून काय काय करून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की पाचवी ते सातवीच्या पंधरा-वीस मुलांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवायचं तर असं काय घ्यावं की ती पळून जाणार नाहीत, आणि सामानाला खर्चही फार नको. मी नाशिकला सिडकोत राहते, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला होते, नोकरी सोडल्यावर घराजवळच्या शाळेत चार वर्षं झाली दर बुधवारी हेच करतेय, म्हणून माझ्या चुकांसकट सांगते.

पहिली चूक म्हणजे मी फळ्यावर शिकवायला गेले. पहिल्या बुधवारी अडतीस पोरं, तिसऱ्या बुधवारी अकरा. बरोबरच आहे की, दिवसभर बाकावर बसून आंबलेलं पोरगं परत बाकावर कशाला बसेल. मग घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेले, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, टाळ्या पडल्या, काकू परत करा म्हणाले, परत केला, परत टाळ्या. निघताना एकाला विचारलं काय कळलं रे, तर म्हणे फेस येतो. तेव्हापासून मी एकच बघते, पोरांना हाताने काहीतरी मोजावं किंवा मांडावं लागतंय का आणि उत्तर माझ्या तोंडातून न येता त्यांच्या वहीतून निघतंय का. तसं नसेल तर ती अॅक्टिव्हिटी कितीही भारी दिसली तरी सोडून देते.

सगळ्यात जमलेलं प्रकरण बांगड्यांचं. घरून काचेच्या जुन्या बांगड्या आणायला सांगितल्या, मी माझा जुना व्हर्नियर, म्हणजे व्यास-जाडी बारकाईने मोजायचं साधन, नेला (नसेल तर पट्टी चालते, पण व्हर्नियर हातात आला की पोरं एकदम इंजिनिअर होतात). काम एवढंच की बांगडीचा व्यास मोजा, दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि भागाकार करा. पुस्तकाप्रमाणे सगळ्यांना π, म्हणजे ३.१४ च्या आसपास यायला पाहिजे, आलं ३.४, ३.४७, ३.५. दोघातिघांनी गुपचूप खोडून ३.१४ लिहिलं. मला रागवावंसं वाटलं, कारण कंपनीत असे खोडलेले रिपोर्ट मी ढिगाने बघितलेत, पण काही बोलले नाही, फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहून काढले, खोडलेले सुद्धा, आणि गप्प बसले. पाच-सात मिनिटं नुसता गोंधळ. मग एक मुलगी बांगडी हातात घालून फिरवत होती ती म्हणाली, काकू, व्यास आपण आतून घेतला आणि दोरा बाहेरून गुंडाळला! तिची बांगडी आतून ५७ मिलिमीटर, काच ३ मिलिमीटर जाड म्हणजे दोन्हीकडची धरून बाहेरून ६३, आणि दोरा भरला १९८. आता १९८ ला ६३ ने भागून बघा, थेट २२/७ येतं. इतकं नेमकं दर वेळी येत नाही, त्या दिवशी आमचं नशीब चांगलं होतं.

तिथून गाडी बांगडीच्या मापावर गेली, जे मी ठरवलंच नव्हतं. डब्यावर २.४, २.६, २.८, २.१० असं लिहिलेलं असतं. सहावीतला एक हुशार पोरगा म्हणाला २.१० म्हणजे २.१, म्हणजे ती सगळ्यात लहान. आणि बांगडी तर सगळ्यात मोठी! झालं, अर्धा तास वाद. खरं म्हणजे तो टिंब दशांशाचा नाहीच, ते इंचाचे सोळावे भाग आहेत, दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर ४/१६, म्हणजे सव्वादोन, आणि दोन-आठ म्हणजे अडीच. रुपयाचे सोळा आणे तसंच. आण्यांचं पोरांना काही माहीत नव्हतं, घरी जाऊन आजीला विचारा म्हटलं, पुढच्या बुधवारी चार आणे आठ आणे करत आले.

नाशिकच्या आसपास असाल तर कापरेकरांना सोडू नका. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, पण १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते आणि ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ मध्ये शोधली. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा, जे येईल त्याचं परत तसंच, जास्तीत जास्त सात वेळा करेपर्यंत ६१७४ येतंच आणि मग तिथंच अडकतं. मी जन्मसालं घ्यायला लावते. २०१३ वाले तीन पायऱ्यांत सुटतात, ३०८७, ८३५२, ६१७४, आणि बाकीच्यांना चिडवत बसतात. २०१४ वाल्यांना पूर्ण सात लागतात, ४२१० वजा ०१२४ पासून सुरू करून, आणि मधे एक हातचा चुकला की काहीतरी भलतंच येतं. वजाबाकीचा इतका सराव मी कुठल्याही वर्कशीटने करून घेऊ शकले नसते.

एका पोराने वडिलांच्या बाईकचा नंबर घेतला, ४४५४. ५४४४ मधून ४४४५ गेले, राहिले ९९९, परत ९९९ मधून ९९९, उत्तर शून्य. उभा राहून म्हणतो, काकू, कापरेकर सरांचं चुकलं. सगळा वर्ग त्याच्या बाजूने. मी म्हटलं चार अंकी आकडा होता ना, मग चौथा अंक गेला कुठं? ०९९९ लिहिल्यावर ९९९० वजा ०९९९ झालं आणि पाचव्या पायरीला स्वारी ६१७४ वर. शून्याला किंमत नसते असं तो आता तरी म्हणत नाही.

बाकीचं पटकन सांगते. मीटरभर काठी मैदानात ओळंब्याने सरळ उभी करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा जमतं. सगळ्यात छोटी सावली बाराला पडेल असं सगळे छातीठोक सांगतात, नाशिकला ती साडेबाराच्या आसपास पडते, कारण भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७४ च्या जवळ, एका अंशाला चार मिनिटं. डिसेंबरच्या शेवटी केलं तर ती सावली जवळजवळ काठीएवढीच भरते. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही तो, मात्र आपल्याला लाभत नाही, तो येतो २० मेच्या सुमारास, तेव्हा पोरं मामाकडे, आणि परत २३-२४ जुलैला, तेव्हा ढग. दोन वर्षं छत्री घेऊन काठीजवळ उभी होते.

द्राक्षाच्या सीझनला ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं साधन) आणायला सांगा, रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, वाचायचा, एकाच घडातल्या वरच्या आणि खालच्या मण्यात फरक पडतो का ते बघा. हळदीच्या कागदावर साबण, चुना, लिंबू वगैरे लावून रंग बदलतो का बघणं ठीक आहे पण एकदाच.

पालक विचारतील यात होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची किंवा स्कॉलरशिपची तयारी होते का. मी सरळ नाही म्हणते. त्यावरून चार मुलं गेली, दोन परत आली.

खर्च म्हणाल तर सुतळी, दोरा, खडू, पट्ट्या, हळद धरून पूर्ण वर्षात हजाराच्या आत भागतं, व्हर्नियर कुणाकडून तरी मागून आणा. पहिल्याच दिवशी बांगड्या नका काढू, फुटतात आणि मग झाडत बसावं लागतं. पहिल्या दिवशी जन्मसालं घ्या, आणि २०१४ चं आदल्या रात्री स्वतः एकदा करून जा, मी न करता गेले होते आणि पाचव्या पायरीला पोरांनी माझीच वजाबाकी पकडली.