गोलाकार तारकागुच्छाच्या दाट गाभ्यातले रूपविकारी (म्हणजे तेज बदलत राहणारे) तारे आणि जोडतारे (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या) कसे ओळखतात?

गाभ्यातला प्रत्येक तारा सुटा मोजण्याऐवजी त्या भागाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा एकमेकींतून वजा करून हे तारे शोधतात. १९९८ साली आलार्ड आणि लप्टन यांनी मांडलेल्या पद्धतीत सर्वांत स्पष्ट प्रतिमा संदर्भासाठी घेतात आणि तिला त्या त्या वेळच्या वातावरणाइतकी धूसर करतात, त्यामुळे वजाबाकीत स्थिर तेजाचे तारे नाहीसे होतात आणि ज्यांचे तेज बदलले आहे तेवढेच तारे ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. त्यानंतर काळानुसार तेजाचा आलेख काढला, की सुमारे पाच ते वीस तासांच्या आवर्तनाने झपाट्याने उजळून सावकाश मंदावणारे आरआर लायरी प्रकारचे अनेक तारे आलेखाच्या आकारावरूनच ओळखू येतात. मेसिए ३ या गुच्छात तर दोनशेहून अधिक रूपविकारी तारे ज्ञात आहेत.

जोडताऱ्यांबाबत मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असेल तरच एक तारा दुसऱ्याला झाकतो. म्हणून रंग-तेज आलेखात (ताऱ्यांचा रंग आणि तेज दाखवणाऱ्या आलेखात) मुख्य श्रेणीच्या, म्हणजे बहुतेक सामान्य तारे ज्या पट्ट्यात येतात त्याच्या वर, दोघांचा प्रकाश एकत्र आल्याने जास्तीत जास्त सुमारे ०.७५ प्रतीने (प्रत म्हणजे तेज मोजण्याचे एकक) अधिक तेजस्वी दिसणारे तारेही तपासावे लागतात. जोडतारे शोधण्याचा रेडिओ निरीक्षणांचा मार्ग तर मला विशेष मोलाचा वाटतो: एनजीसी १८५१ या गोलाकार गुच्छातला, जोडीदाराभोवती १८.८ दिवसांत अतिलंबवर्तुळाकार फेरी घेणारा मिलिसेकंद पल्सार (अतिवेगाने फिरत रेडिओ स्पंद पाठवणारा ताऱ्याचा अवशेष) नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेच शोधला आहे.