जपानला येऊन जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणणाऱ्या मित्राला सविस्तर उत्तर

तू विचारलंयस की एप्रिलमध्ये योकोहामाला जॉइन होतोयस, शाळेपासून निस्सानच्या स्कायलाइन जीटीआरचं वेड आहे, बजेट १५ लाख येन, तर एखादी पडीक गाडी स्वस्तात उचलून स्वतः रिस्टोर करायची आणि परत जाताना भारतात न्यायची, जमेल का? मी ११ वर्षं इकडे आहे, त्यातली ९ वर्षं १९९० ची माझदाची युनोस रोडस्टर सांभाळतोय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी भारतात नेण्याचं. ते डोक्यातून काढ. वापरलेली गाडी आयात करायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि वर ड्यूटी जबर, म्हणजे ३०-३५ वर्षांची गाडी नेण्याचा रस्ताच नाही. इथे घ्यायची, इथे चालवायची आणि निघताना नीट सांभाळणाऱ्याच्या हातात द्यायची, हे ठरवूनच घे.

जीटीआर या बजेटमध्ये बसत नाही रे. अमेरिकेत २५ वर्षं झालेली परदेशी गाडी आयात करायला मोकळीक मिळते, १९८९ ची आर३२ (जीटीआरचीच एक पिढी, आर३३ आणि आर३४ तिच्या पुढच्या) त्या नियमात २०१४ ला बसली आणि तेव्हापासून चांगल्या गाड्या कंटेनर भरभरून बाहेर गेल्या, मग आर३३, आणि २०२४ पासून आर३४ पण. १५ लाखात कोणी जीटीआर देतोय म्हणाला तर ती का देतोय हे आधी शोध. माझदाची रोटरी इंजिनची एफडी आरएक्स-७ पण पहिल्या गाडीला नको, तिचं कॉम्प्रेशन रोटरीच्या खास मीटरने मोजून घ्यावं लागतं आणि इंजिन उघडायची वेळ आली तर तुझं बजेट तिथेच संपेल. मी एनए रोडस्टर सुचवेन, म्हणजे १९८९ ला आलेली पहिली पिढी. १६०० सीसी, ९४० किलोच्या आसपास वजन, मागच्या चाकांना पॉवर, सगळं पान्याने उघडता येतं. बरी चालती गाडी १० ते २० लाखात अजून मिळते आणि पार्ट मिळतात, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आता लायसन्स. निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घे, ते इथे उतरल्यापासून जास्तीत जास्त १ वर्ष चालतं. त्या वर्षात भारतीय लायसन्स जपानी करून घ्यायचं. लायसन्स मिळाल्यानंतर किमान ३ महिने भारतात होतास हे दाखवावं लागतं म्हणून जुना पासपोर्ट फेकू नकोस, सोबत आण. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा कडक झालीय, आधी १० प्रश्न होते आता ५०, आणि ९० टक्के बरोबर पाहिजेत. ट्रॅकवरच्या परीक्षेत गाडी येते की नाही हे ते बघत नाहीत, वळायच्या आधी मान वळवून मागे बघितलंस का, डावीकडे सरकलास का, अरुंद काटकोनी वळणात चाक कठड्यावर चढलं का, हे बघतात. मी तिसऱ्या वेळी पास झालो, एक दिवस ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरून सराव केला तेव्हा.

गाडीच्याही आधी जागा बघ. घरापासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत पार्किंग आहे हे पोलीस स्टेशनमधून सर्टिफिकेट घेऊन सिद्ध केल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, त्याला शाको शोमेई म्हणतात. पार्किंगच्या मालकाची सही लागते, नकाशा काढून द्यावा लागतो. वॉर्ड ऑफिसात स्वतःच्या नावाचा शिक्का (इथे तो सहीसारखा चालतो) रजिस्टर करून त्याचं सर्टिफिकेटही काढून ठेव, गाडी नावावर करताना मागतात. आणि महिन्याच्या भाड्याच्या पार्किंगमध्ये जॅक लावून काम करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, शेजाऱ्याने एक फोन केला की एजंट दारात येतो. तू अपार्टमेंटमध्ये राहणार, मग पडीक गाडी उघडून ठेवणार कुठे? तासावर मिळणारे रेंटल पिट असतात, लिफ्ट मिळते, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, शॉक अब्सॉर्बर इतकं तिथे आरामात होतं. पण सांगाडा करून सहा महिने ठेवायची सोय तिथे नाही. म्हणून चालती गाडी घे आणि चालवत चालवत सुधार.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टायपतोय. इंजिन ऐकून गाडी घेऊ नकोस, पत्रा बघून घे. इंजिन दुसरं मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, सडलेला पत्रा मात्र कापून वेल्डिंग करावा लागतो आणि त्याची मजुरी गाडीच्या किमतीएवढी पण होऊ शकते. माझी पहिली रोडस्टर मी एका डीलरकडून घेतली, लाल, चकचकीत, इंजिन मस्त. दीड वर्षाने इन्स्पेक्शनसाठी वर्कशॉपला दिली तर मेकॅनिकने मला लिफ्टखाली बोलावलं, दाराखालच्या सिलवर मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं. आतून पुट्टीचा गुलाबी भुगा आणि गंजाच्या पापड्या गळायला लागल्या. भोकावर पुट्टी थापून वर रंग मारला होता. तो आवाज मला अजून आठवतो, कुरकुरीत बिस्कीट मोडल्यासारखा. ती गाडी मी वाचवू शकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रोडस्टरमध्ये हे का होतं ते समजून घे. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली गाडीबाहेर पडतं. त्या नळ्यांत पानं, माती, कापडाचा भुसा अडकला की पाणी सिलच्या पोकळीत उतरतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली ने, मालकाला विचारून छताच्या मागच्या कोपऱ्यात हळूहळू ओत आणि खाली वाकून बघ. मागच्या चाकाच्या जरा पुढे लगेच पाणी पडलं तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर सिलकडे संशयाने बघायचं. सोबत छोटं लोहचुंबक ने, मऊ कापडात गुंडाळून सिलवर फिरव, पुट्टी असेल तिथे पकड सुटते. डिकीत बॅटरी असते, तिच्याखालची चटई उचलून बघ, ॲसिड सांडून पत्रा खाल्लेला असतो. आणि गाडी आधी कुठे राहिली ते विचार, होक्काइदो, तोहोकू, नागानोकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते खालून सगळं खातं.

इंजिनात १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत एक गोष्ट बघ, क्रँकचं नाक, म्हणजे क्रँकशाफ्टचं पुली बसते ते पुढचं टोक, आखूड आहे. खालच्या पुलीला ४ खाचा असतील तर आखूड, ८ असतील तर नंतरचं सुधारलेलं. आखूडवाल्यात बोल्ट सैल राहिला की पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, आयडलवर पुली डगमगताना दिसली तर सोडून दे. टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरला, कधी बदलला त्याचं बिल माग. इंजिनच्या मागे ऑइल गळत असेल तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा सेन्सरची रबरी ओ-रिंग कडक झालेली असते, स्वस्तातलं काम.

खरेदी कुठून? डीलर लोकांच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात आपल्याला थेट बोली लावता येत नाही, मेंबर डीलर लागतो. त्याच्याकडून लिलावाची शीट, म्हणजे गाडीच्या तपासणीचा कागद, मागून घे. ४ किंवा ३.५ ग्रेड जुन्या गाडीला चांगलं, आर म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती झालेली. शीटवरच्या गाडीच्या चित्रात एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे सडलेलं, ही दोन अक्षरं आधी शोध. मी मात्र रोडस्टरच्याच स्पेशालिस्ट दुकानातून घे म्हणेन, १-२ लाख जास्त जातील पण ते लोक गाडी ओळखतात. मेंटेनन्सचं कागदी रेकॉर्ड आहे का बघ, आणि इन्स्पेक्शनच्या नोंदीत मागचं मीटर रीडिंग असतं ते जुळव.

खर्च. १३ वर्षांच्या वरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स सुमारे १५ टक्के जास्त, रोडस्टरला वर्षाला ४५,४०० येन, १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर त्याला बिल. दर २ वर्षांनी शाकेन, म्हणजे तेच सक्तीचं इन्स्पेक्शन, त्यात वजन टॅक्स २५,२०० आणि सक्तीचा विमा १७-१८ हजार. सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेचा, समोरच्याच्या गाडीचा नाही, त्यामुळे वेगळा विमा घेतल्याशिवाय रस्त्यावर येऊ नकोस. शाकेन स्वतः नेता येतं. मी नेतो, आदल्या दिवशी खालून सगळं धुऊन काढतो. पॉपअप हेडलाइटचा झोत हमखास हलतो, म्हणून इन्स्पेक्शन केंद्राजवळच्या टेस्टरच्या दुकानात आधी सेट करून मग तपासणीच्या लेनमध्ये जायचं.

पार्टसाठी चॅसिस नंबर घेऊन माझदाच्या डीलरच्या काउंटरवर जा, मिळतं की बंद झालंय ते तिथेच कळतं. माझदाने २०१७ ला एनएचा रिस्टोर प्रोग्राम जाहीर केला, तेव्हा छत, नार्दीचं लाकडी स्टीअरिंग, ब्रिजस्टोनचे १४ इंची टायरसुद्धा पुन्हा बनवले. निस्सानने त्याच वर्षी आर३२ चे पार्ट निस्मोतर्फे (निस्सानची स्पोर्ट्स शाखा) परत काढले, नंतर टोयोटाने सुप्रा आणि एई८६ (ऐंशीच्या दशकातली कोरोला) चे. कंपन्या एवढं करतायत तोवर रबर, सील, होस असले पार्ट घेऊन ठेव, कारण बंद झालं की लोक लिलावात तिप्पट मागतात.

पहिल्या वर्षी एवढंच कर: सगळी तेलं, कूलंट, बेल्ट, पाण्याचे होस, ब्रेक होस बदल, त्या दोन नळ्या पावसाळ्याआधी मऊ वायरने साफ कर, आणि आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालव, नुसती उभी चालू ठेवू नकोस. रंग, सीट, चाकं नंतर.

लायसन्स आणि पार्किंग झालं की कळव. गाडी बघायला मी येतो, जॅक, टॉर्च आणि चुंबक माझ्याकडे आहे, तू फक्त पाण्याची बाटली आण.