चाखायची खोली कशी असावी?

प्रश्न: मोसंबीचा रस आणि स्क्वॅश करणारा आमचा छोटा कारखाना आहे. प्रत्येक लॉटची चव रीतसर तपासता यावी म्हणून वेगळी खोली करायची आहे. रस काढायच्या हॉलला लागून १५ बाय २० फुटांची जागा रिकामी आहे. सुताराला काय सांगावे?
– एक वाचक, जालना

उत्तर: सुताराला बोलावण्याआधी दार कुठून काढायचे ते ठरवा. चाखणारी माणसे हॉलमधून आत आली तर सालीच्या तेलाचा वास नाकात भरूनच खुर्चीवर बसतील, आणि पुढचा सगळा खर्च पाण्यात जाईल. दार बाहेरच्या व्हरांड्यातून काढा आणि हॉलकडची भिंत पूर्ण बंद ठेवा.

आता आत लांबीच्या दिशेने पार्टिशन घाला. ७ फूट चाखणाऱ्यांना, ८ फूट तयारीच्या खोलीला. २० फुटांत ३ फूट रुंदीचे, एकेका चाखणाऱ्यासाठी एक असे सहा खण बसतात. ओटा २ फूट खोल आणि जमिनीपासून ३० इंच उंच करा. दोन खणांमधली फळी ओट्याच्या कडेच्या किमान एक फूट पुढे यायलाच हवी, कारण शेजाऱ्याने तोंड वाकडे केलेले दिसले की आपल्यालाही रस आंबट लागतो. चाखायच्या खोल्यांसाठीच्या आयएसओ ८५८९ या आंतरराष्ट्रीय मानकातही खणाची आणि फळीची साधारण हीच मापे मीटरमध्ये सापडतील. समोरच्या पार्टिशनमध्ये ट्रे सरकेल एवढीच, साधारण दीड फूट रुंद आणि ९ इंच उंच खिडकी ठेवा. तिची झडप वर उचलायची असावी. तयारीच्या बाजूचा ओटाही ३० इंचांचाच घ्या, नाहीतर ट्रे खालीवर होऊन रस सांडतो.

सनमायका मॅट आणि पांढुरका किंवा फिकट राखाडी घ्या. पिवळ्या-हिरव्या ओट्यावर मोसंबीच्या रसाचा रंगच कळत नाही. फेव्हिकॉल आणि रंगाचा वास आठवड्यांनी जातो, तोपर्यंत पंखे चालू ठेवून खोली उघडी टाका. घाई करू नका. खणात बेसिन बसवायचा मोहही टाळा. नाली दोन दिवस कोरडी पडली की वास मारते; थुंकायला झाकणाचा कागदी कप पुरतो.

खरा पैसा हवेवर खर्च करा. आपल्याकडे उन्हाळा म्हटला की कूलर आठवतो, पण ओल्या वाळ्याचा नाहीतर गवताचा वास घेऊन येणारा कूलर या खोलीत नकोच. स्प्लिट एसी बसवा. मात्र तो आतलीच हवा फिरवतो, म्हणून बाहेरची हवा कोळशाच्या फिल्टरमधून आत ढकलणारा पंखा चाखण्याच्या बाजूला लावा आणि एक्झॉस्ट तयारीच्या बाजूला शेगडीवर. त्यामुळे हवा नेहमी चाखणाऱ्यांकडून तयारीकडे वाहते. खात्री करायची तर झडप उचलून टिश्यू पेपरची बारीक पट्टी खिडकीत धरा. पट्टी तयारीच्या बाजूला झुकली तर काम बरोबर. उलटी झुकली तर एक्झॉस्टची ताकद वाढवा. उदबत्तीने तपासू नका, तिचा वास दिवसभर रेंगाळतो. जनरेटरचा धूर पंख्याच्या तोंडाशी येत नाही ना, तेही आधीच पाहा.

दिवे ६५०० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे एलईडी, ओट्यावर ७०० ते ८०० लक्स उजेड, आणि ते इन्व्हर्टरवर. रंग लपवायचा असेल तेव्हा लाल दिवे लावतात, पण गडद-फिका फरक लाल उजेडातही दिसतो, एवढे लक्षात असू द्या.

बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. चूळ भरायला आणि रस पातळ करायला सगळ्यांना एकच आरओ पाणी द्या. ग्लास काचेचे घ्या आणि बिनवासाच्या साबणाने धुवा. लिंबाच्या वासाच्या लिक्विडने धुतलेल्या ग्लासातून मोसंबीचा रस तपासण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न: सकाळी चाखलेला रस गोड असतो आणि तोच संध्याकाळी कडू लागतो. चाखणारे चुकतात का?
– एक वाचक, घनसावंगी

उत्तर: ते चुकत नाहीत. मोसंबीच्या सालीखालच्या पांढऱ्या थरात, पापुद्र्यात आणि बियांत लिमोनिन या कडू द्रव्याच्या आधीचे एक संयुग असते, ते कडू नसते. फळ पिळले की ते आंबट रसात मिसळते आणि काही तासांत त्याचे कडू लिमोनिन होते. रस तापवला की हे आणखी लवकर घडते. म्हणून पिळल्याची वेळ प्रत्येक नमुन्यावर लिहा आणि लॉटचा निकाल ताज्या रसावर कधीच देऊ नका. पाश्चराइज केलेली बाटली एक दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग चाखा. पिळताना दाब कमी करा, बिया चिरडू देऊ नका.

माणसे निवडताना लिटरभर पाण्यात ०.५ ग्रॅम कॅफिनचा कडूपणा ओळखता येतो का हे पाहण्याची पद्धत आहे. पण कॅफिन ओळखणारा लिमोनिनही ओळखेलच असे नाही. तुमचाच कडवट झालेला रस ताज्या रसात थोडा मिसळून वेगळी परीक्षा घ्या. तंबाखू, गुटखा किंवा चहा घेतलेल्याला निदान तासभर बसवू नका. सकाळी १० ते साडेअकरा ही वेळ चांगली.

प्रश्न: खवा देणारा बदलला. पेढ्याच्या चवीत फरक पडला का, हे खात्रीने कसे सांगावे?
– एक वाचक, भूम

उत्तर: तीन नमुन्यांची चाचणी घ्या. दोन पेढे एका खव्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता ते ओळखायचे. अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून २४ जणांपैकी किमान १३ जणांनी अचूक ओळखले तरच फरक आहे असे म्हणा. जुना खवा अ आणि नवा ब धरला तर मांडणीचे सहा क्रम होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. प्रत्येक क्रम चार जणांना आला की २४ पूर्ण होतात. पेढे एकाच वजनाचे, एकाच दिवशी केलेले आणि एकाच तापमानाला आलेले असावेत. वाट्यांवर तीन आकडी संकेत लिहा, पण १०८, ७८६, ४२० असले नकोत, माणूस आकड्यालाच भुलतो. बारा जणांनीच ओळखले तर "दोन्ही खवे सारखेच" असे मात्र म्हणता येत नाही. सारखेपणा सिद्ध करायला याहून बरीच जास्त माणसे लागतात.

प्रश्न: काळा मसाला चाखताना तिसऱ्या नमुन्यापर्यंत जीभच पोळते.
– एक वाचक, नांदेड

उत्तर: एका बैठकीत दोनच नमुने द्या, फार तर तीन. मसाला कोरडा चाटायला देऊ नका. एक लिटर साध्या वरणात १० ग्रॅम टाकून, सगळ्यांना सारखेच गरम द्या. तिखटपणा पाण्याने जात नाही, कारण मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साय असलेल्या दुधाचा घोट आणि भाकरीचा तुकडा कामी येतो. दोन नमुन्यांमधले अंतर घड्याळ लावून सगळ्यांना सारखेच ठेवा, पाच मिनिटे म्हणजे पाच. घाईत पाठोपाठ चाखले तर जळजळ साठत जाते, आणि बराच वेळ थांबले तर जीभ बधिर होऊन पुढचा मसाला सौम्य वाटतो. पहिला नमुना कोणता, हेही माणसागणिक बदला.