लिनक्स लॅपटॉपचं टचपॅड बंद करायचंय? आधी एवढं बघा

भाऊ, पहिले यूएसबी माउस लावा आणि तो चालतोय ना ते बघा. टचपॅड बंद केल्यावर माउस नाही, म्हणून अडकलेले नवखे पुष्कळ.

मग टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीच्या) वाटेला जाऊच नका. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज उघडून 'माउस अँड टचपॅड'मध्ये जा, टचपॅडचं बटण बंद करा. लिनक्स मिंट किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तरी याच नावाची खिडकी शोधा. फक्त टाइप करताना तळहात लागून कर्सर उडत असेल, तर पूर्ण बंद कशाला? 'डिसेबल व्हाइल टाइपिंग' चालू ठेवा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. नागपूरच्या मे महिन्यात घामेजल्या बोटांनीही कर्सर नाचतो. टचपॅड कोरड्या कापडानं पुसा. चार्जर काढल्यावर नाचणं थांबलं तर अर्थिंग तपासा, दोष लिनक्सचा नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- जुन्या लेखातली 'सिनक्लायंट' कमांड चालवणं. ती टचपॅड चालवणाऱ्या जुन्या सिनॅप्टिक्स ड्रायव्हरसाठी आहे. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी लिबइनपुट असतो.
- वेलँडवर 'एक्सइनपुट' कमांड वापरणं. (वेलँड आणि जुनं एक्सऑर्ग या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन यंत्रणा.) वेलँडवर टचपॅड तिच्या यादीत दिसतच नाही. एक्सऑर्गवर चालतं, पण लॉगआउट केलं की टचपॅड पुन्हा चालू. डिव्हाइसचा क्रमांकही बदलू शकतो, नाव वापरा.
- कर्नल मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करणं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला टचपॅडचा ड्रायव्हरच लोड होऊ न देणं. हे तर आत्ता नकोच ना बाप्पा!

माउस मध्येच बंद पडला तर सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबा, 'टचपॅड' इंग्रजीत टाइप करा, एंटर, मग टॅबनं त्या बटणावर जाऊन स्पेस.